मागच्या खोलीचा स्लॅब

पहिला तुकडा पडला तेव्हा मी देवघरात होते. झोपेतून उठल्यापासून पूजा उरकेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, हा माझा माहेरापासूनचा नेम. मागच्या खोलीत धप्पकन काहीतरी आदळलं. समोरून ह्यांनी हाक मारली, "काय पडलं गं?" मी घंटा हलवली. आमच्या घरात त्या घंटेचा अर्थ एवढाच, की मी बरी आहे, काय ते तुम्ही बघा.

हे, म्हणजे माझे मालक रामराव, मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "अंगदला बोलवा खाली! बघू दे म्हणावं त्याच्या सळयांचे प्रताप!"

पूजा आवरून मी जाऊन पाहिलं. पलंगावर नवी गादी घातलेली होती आणि गादीच्या मधोमध ताटाएवढा काँक्रीटचा तुकडा पडला होता. वर छताची खपली निघाली होती. आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या. तांबड्या, फुगलेल्या, जागोजागी पापुद्रे सुटलेल्या.

गादी अर्पितासाठी होती. अर्पिता आमची एकुलती एक, घनसावंगीला दिलेली. तिचा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांनी धरूनच चाललं होतं. आमचं जालन्याच्या मस्तगडातलं घर अरुंद. समोरची खोली रस्त्यावरच उघडते, मधे स्वयंपाकघर आणि मागे ही एकच खोली, जिला दार आहे, न्हाणी आहे, बाळंतिणीला लागतो तो आडोसा आहे. वर धाकटे दीर अंगद आणि जाऊ वंदना. त्यांच्या दोन खोल्या पुढच्या बाजूला. आमच्या मागच्या खोलीच्या डोक्यावर त्यांची उघडी गच्ची.

अंगदभावजी कारखान्यात, सळयांच्या मिलवर. टेंभुर्णीहून येऊन आम्ही हे घर बांधलं तेव्हा लोखंड त्यांनीच आणलं होतं. ते खाली आले, वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दादा, माल चांगला व्हता. मी सोत्ता उभं राहून गाडीत भरून घेतल्ता."

"मंग असा काहून सडला? कारखान्यातला टाकाऊ माल आणला तू. तवाच मला शंका आल्ती."

"शंका आल्ती तर तवाच बोलायचं ना. आन् टाकाऊ आणला असता तर मी काय दुसऱ्याच्या घरात राहून राह्यलो का? माझ्या बी पायाखाली तीच सळई हाय."

"तुझ्या पायाखाली हाय. आमच्या डोक्यावर हाय. फरक हाय त्यात!"

जिन्यात वंदना उभी होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "लोखंडाला शिव्या देऊन राह्यले. आन् ताई रोज पिंपळाला तांब्या तांब्या पाणी घालतात, ते कुठं जिरतं म्हणावं?"

तिचं बोलणं मला लागलं. गच्चीच्या कोपऱ्यात, कठडा आणि स्लॅबच्या बेचक्यात, एक पिंपळ उगवला आहे. कुणी लावला नाही, आपला आपण आला. तो दिसला तेव्हा ह्यांनी गवंडी बोलावला. गवंड्याने पिंपळ पाहिला, हात जोडले आणि निघून गेला. मीही तोडू दिला नाही. दारी आलेल्या पिंपळाला कुऱ्हाड लावायची आणि वर घरात वंश मागायचा, हे मला जमणारं नव्हतं. ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी पूजा झाली की वर जाऊन त्याला पाणी घालते, शनिवारी दिवा लावते.

पण तो पिंपळ वाढत नव्हता. पालवी फुटायची, आठ-पंधरा दिवसांत पानं कडेने करपायची, गळून जायची. पुन्हा फुटायची, पुन्हा करपायची. वंदनाच्या दारासमोर तो, तिच्या कपड्यांच्या दोरीला आडवा. ती त्याच्यावर गरम पाणी ओतत असावी असं मला बरेच दिवस वाटत होतं. बोलले कधी नव्हते. बोलायचं नाही आणि विसरायचंही नाही, असा माझा स्वभाव.

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना. मोंढ्यात ह्यांचं सरकी-पेंडेचं दुकान आहे. तिथे चहा प्यायला येईल त्याला हे सांगायला लागले, की भावानेच भावाच्या घरात सडकं लोखंड घातलं. तेवढ्यावरही थांबले नाहीत. घनसावंगीला फोन लावून विहीणबाईंना सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी केशरबाईंचा मला फोन.

"पुष्पाबाई, राग मानू नका. पर छतातून सिमेंट पडून राह्यलं म्हणे. तिथं मी माझी सून कशी धाडू? बाळंतपण हितंच करू. दवाखाना बी जवळ हाय."

"दुरुस्त करून घेतो ना आम्ही."

"कोणाकडून? ज्यानं पहिल्यांदा बांधलं त्याच्याकडून?"

मग अर्पिताने फोन घेतला. ती बाजूला गेली असावी, कारण आवाज एकदम बारीक झाला. "आई, मला तुझ्यापाशीच यायचंय गं. हितं सगळे चांगले हायेत, पण मला रात्री भीती वाटते. तू काहीतरी कर."

मी काय करणार? मी माझ्या भाच्याला बोलावलं. भारत माझ्या भावाचा मुलगा, डिप्लोमा झालेला. तिकडे अलिबागकडे समुद्रकाठच्या बंगल्यांच्या दुरुस्तीची कामं घेतो आणि तोंडाने बोलतो त्याच्या निम्मं काम हातानेही करतो. कुणाच्या तरी लग्नासाठी गावी आला होता, तसा आमच्याकडे आला. स्टुलावर चढून त्याने हातोडीने छत वाजवत नेलं. कुठे टणक आवाज यायचा, कुठे भोपळ्यासारखा पोकळ. मग छिन्नीने थोडं फोडून सळई मोकळी केली, मोबाइलच्या उजेडात पाहिली आणि मान हलवली.

"आत्या, हे जालना हाय का अलिबाग?"

"का रे?"

"समुद्राकाठच्या घराचं असं व्हतं. वाऱ्यासंगं खार येतो, काँक्रीटात मुरतो, मुरत मुरत सळईपर्यंत जातो. नुसत्या ओलीनं गंजलं तर लोखंड सगळीकडून सारखं तांबडं व्हतं. हे बघ, उंदरानं कुरतडल्यावानी खड्डे हायेत. गंजली की सळई फुगते, तिला जागा पाहिजे, मंग ती खालचं काँक्रीट ढकलून देती. हा मिठाचा गंज."

"मीठ?" ह्यांनी विचारलं. "हितं कुठून मीठ येतंय? समुद्र हाय का आपल्या कुंडलिका नदीत?"

भारतने भेगेतली पांढरी पूड बोटाला घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत तो थुंकलासुद्धा. "भिंतीचा लोणा असा लागत न्हाई. हे आपलं जेवणातलं मीठ हाय. मामा, बघता का चाखून?"

"मी काय भिंती चाटत बसू?" असं म्हणून हे पुढच्या खोलीत गेले.

भारतने अंदाज बांधला, की स्लॅब टाकताना खाऱ्या बोअरचं पाणी वापरलं असेल. ते ऐकून हे तिथूनच म्हणाले, "टँकर अंगदनंच आणल्ता त्या दिवशी. लिहून घे." पण आवाजात आधीची फोडणी नव्हती. मला ते तेव्हा जाणवलं आणि मी दुर्लक्ष केलं.

"दुरुस्ती व्हईल का रे?" मी विचारलं.

"व्हईल की. पण वरून प्लास्टर थापून न्हाई. झाकलेला गंज आतून पुन्हा फुगतो. जेवढं खारावलंय तेवढं सगळं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, सळया घासून पांढऱ्या करायच्या, ज्या बारीक झाल्या त्यांच्या शेजारी नव्या बांधायच्या. गोड्या पाण्यानं धुवायचं, गंज धरू नये म्हणून लेप द्यायचा आन् मंग थरावर थर भरत यायचं. भरलं की ओलं ठेवायचं. तोवर खाली टेकू. आत्या, स्पष्ट सांगतो, सगळं घर धुळीनं भरंल. हितं बाळंतीण न्हाई ठेवता यायची."

मी नव्या गादीवरची पूड झटकली. त्याला माझा चेहरा दिसला असावा.

"आन् एक," तो जाताना म्हणाला. "खार कुठून येऊन राह्यला ते आधी शोधा. आमच्या तिकडं मालक लोक खर्चा करतात, पण गळती तशीच ठेवतात. मंग दोन पावसाळ्यांत पुन्हा मला फोन."

दुपारी घरात कुणी नव्हतं. मी लाटणं घेऊन स्टुलावर चढले आणि भारतने वाजवलं तसं छत वाजवून पाहिलं. दाराकडे टणक. मधे टणक. न्हाणीकडे टणक. फक्त एका कोपऱ्यातून पलंगाच्या डोक्यापर्यंत पोकळ. मला वाटलं, टँकरच खारा असता तर सगळाच स्लॅब खारा झाला असता. स्वयंपाकघरातली डाळ खारट झाली तर एका बाजूने होत नाही. मग हा एकच कोपरा का? त्या कोपऱ्याच्या वर काय आहे, हे मला ठाऊक होतं. मी रोज तिथे डोकं टेकते.

वर गेले. वंदना आत होती, टीव्ही चालू होता. पिंपळाच्या बुडाशी थोडी माती साचलेली असते, ती मी बोटाने उकरली. खाली पांढरे खडे. जाडे, मळकट, अर्धवट विरघळलेले. चाखायची गरज नव्हती. गावी बैलांच्या गव्हाणीत ठेवतात ते खड्यांचं मीठ.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. पिंपळाच्या मुळाशी मीठ, आणि बरोबर त्याच्या खाली माझ्या पोटुशी लेकीचा पलंग. देवाचं नाव घेणाऱ्या बाईने असलं काही मनात आणू नये. पण आलं. कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय, हेच पहिलं आलं. आणि त्या "कुणीतरी"ला चेहरा मिळायला वेळ लागला नाही. अंगदभावजी दर रविवारी टेंभुर्णीला शेतावर जातात, ह्यांच्या दुकानातून जनावरांच्या मिठाची गोणी नेतात. गोणी आदल्या दिवशी वंदनाच्या जिन्यात पडलेली असते. हात लांबवला की मीठ.

मी तिच्या दारात गेले. "वंदना, जाडं मीठ हाय का गं? कैऱ्यांना लावायला पाहिजे व्हतं."

ती उठून आली. "आम्ही पुडीचं वापरतो. जाडं पाहिजे तर दादांच्या दुकानातून मागवा की."

"जिन्यात गोणी असती ना तुमच्या?"

"असती. शेतावर जाती." ती माझ्या बोटांकडे बघत होती. बोटांना माती होती. "ताई, आज लई वेळ गच्चीत व्हत्या. काय शोधून राह्यल्या?"

"काही न्हाई. पानं गळाली व्हती."

"गळणारच," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"गळणारच" म्हणजे काय? संध्याकाळी जपमाळ घेऊन बसले, तर मणी पुढे सरकत होते आणि कान वरच्या पावलांकडे होते. आत्ता ती कोपऱ्याकडे गेली. आत्ता परत आली. आत्ता का थांबली? रोज मी पूजेनंतरच वर जाते, हे साऱ्या घराला ठाऊक. कुणाला तिथे काही करायचं असेल तर माझ्या पूजेची वेळ सोन्यासारखी. म्हणून ठरवलं, सकाळी अंघोळ झाली की आधी वर जायचं. तोंड बंद असलं तरी डोळे उघडे असतात.

सकाळी सोवळ्यातच जिना चढले. वरून खराट्याचा आवाज येत होता. आणि पाण्याचा. मला वाटलं, सापडली. शेवटच्या पायरीवर आले आणि पाहिलं, तर कोपऱ्यात पिंपळापाशी उकिडवे बसलेले आमचे हे. बाजूला बादली, घमेल्यात खुरप्याने खरवडून काढलेली माती आणि पांढरे खडे. बादलीतलं पाणी ओतून ओतून ते कोपरा धूत होते.

मला बघून हातातला खराटा तसाच राहिला.

"तू? आत्ता? पूजा झाली का?"

मी उभी राहिले.

"मौन हाय ना तुझं. बरं." त्यांनी पुन्हा खराटा चालवला. "घाण झाल्ती हितं. म्हणलं भारत काम सुरू करणार, धुवून ठेवावं."

मी घमेल्याकडे पाहिलं.

"माती हाय ती." थोड्या वेळाने, "अशी काय बघून राह्यली? मीठ हाय. हां, मीठच हाय. दुकानातलं. मीच घातलंय, झालं?"

मला बोलता येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच वाटलं की बरं आहे. मी बोलले असते तर त्यांनी तो धागा धरून भांडण काढलं असतं. समोर नुसती उभी राहिलेली बाई त्यांना सहन होईना.

"तोडू तर तू देईना. गवंडी हात लावंना. मुळी आत शिरली असती म्हंजे घर फाटलं असतं का न्हाई? मंग म्हणलं, आपल्या आपण सुकू दे. आपोआप सुकला तर पाप कोणालाच न्हाई. तू पूजेला बसली की येऊन मूठभर टाकायचो. सुकायचा, की पुन्हा फुटायचा. मी पुन्हा टाकायचो. मला काय म्हाईत मीठ लोखंड खातं? पिंपळ खाईल म्हणून टाकलं, ते सळया खाऊन बसलं!"

त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी ओतलं.

"भारतनं जीभ लावली तवा कळलं मला. तवा बोलायला पाहिजे व्हतं, हे बी कळतंय. पण तोवर मी अंगदला बोलून बसल्तो. मोंढ्यात बोल्लो. घनसावंगीला सांगून बसल्तो. आता थुंकलेलं गिळायचं कसं?" मी तरी गप्पच. मग ते चिडले. "आन् तू काय सगळी धुतल्या तांदळाची? मी मीठ घातलं, पाणी कोण घालत व्हतं रोज? तुझ्याच पाण्यानं ते खाली गेलं. मंग दोघांचं हाय हे!"

माझ्या तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. कसलं कसलं आलं होतं. ते मी गिळलं. पण पुढे होऊन बादली त्यांच्या हातातून घेतली, कारण ते नळाकडे निघाले होते आणि जितकं धूत होते तितकं मीठ विरघळून खाली स्लॅबमध्येच चाललं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, जरा हळू बोला." वंदना दारात उभी होती, केस मोकळे, हातात फणी. "हे झोपलेले न्हाईत."

आणि आतून अंगदभावजींचा खोकला ऐकू आला. जागेपणी, मुद्दाम खोकतात तसा.

ह्यांनी घमेलं उचललं, परत ठेवलं, आणि चपला तिथेच विसरून खाली उतरले.

पूजा संपवून मी बाहेर आले तेव्हा हे दुकानाला गेले नव्हते. खुर्चीत बसून होते.

"बोल आता," म्हणाले. "सकाळपासून साठवलं असशील."

साठवलं होतं. पण देवापुढे बसल्यावर त्यातलं बरंचसं निरुपयोगी वाटलं. काय उरलं, तर अर्पिताचा तो बारीक झालेला आवाज.

"खाली टेकू लागणार," मी म्हटलं. "अर्पिताला ठेवायला वरची आतली खोलीच हाय. तिथल्या छताला काही झालेलं न्हाई. तेवढं विचारायचं."

"मंग विचार ना वंदनाला. बायकाबायकांत व्हतं ते."

"मी विचारलं तर ती हो म्हणेल. पण केशरबाई धाडणार न्हाईत. त्यांना तुम्ही सांगितलंय, घर भावानं सडकं बांधलं म्हणून. सडक्या घराच्या वरच्या मजल्यावर कोण आपली सून धाडतं?"

हे खुर्चीतून उठले, परत बसले. मग, "मी पाया पडू काय त्याच्या?"

"धाकटा हाय. पाया पडू नका. नुसतं वर चला."

वर अंगदभावजी जेवायला बसले होते. दुसऱ्या पाळीला जायचं होतं. ह्यांना बघून ते उठले नाहीत. वंदनाने पाट पुढे केला. हे उभेच राहिले.

"अंगद," हे म्हणाले आणि थांबले. "भाकरी ज्वारीची का?"

"ज्वारीची."

"बरं."

भावजींनी घास घेतला, चावला, पाणी प्यायले. "दादा, तू भाकरी बघाया आला का?"

"अर्पिताला वर ठेवायचं म्हणते तुझी वहिनी."

"वहिनी म्हणते. तू काय म्हणतो?"

"मी बी तेच म्हणतो."

"कोणत्या स्लॅबवर ठेवायचं? टाकाऊ मालाच्या?"

हे खाली बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांची दया आली, पण मी मधे पडले नाही. वंदनासुद्धा पडली नाही. ती तव्यावरची भाकरी उलटत होती आणि कान इकडे होता.

"माल चांगला व्हता," हे म्हणाले. "मीठ मी घातलं."

"हे मला सकाळीच ऐकू आलं. मला सांगून काय फायदा? घनसावंगीला सांग. आत्ता. माझ्यासमोर. सळई चांगली व्हती म्हणून." भावजींनी डाव्या हाताने स्वतःचा मोबाइल पुढे सरकवला. "मोंढ्यात नंतर सांग. तिथं मी चहा प्यायला येतो उद्या, तवा सांग."

ह्यांनी फोन घेतला. तो लागेपर्यंत वंदना माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काल ते मीठ माझंच वाटलं ना तुम्हाला? करणीबिरणी?"

"हो," मी म्हटलं.

"मला बी वाटलं. तुमची बोटं मातीनं भरलेली, माझ्या दारासमोर. म्हणलं, ताई रोज पूजा करतात का आमचं काही उतरून टाकतात? काल संध्याकाळी मी त्या कोपऱ्यापर्यंत गेले आन् तशीच परत फिरले."

"आन् गळणारच म्हणालीस ते?"

"तुमच्या पाण्यानं कुजून राह्यलाय असं वाटायचं मला. दुसरं काय?"

दोघी एकमेकींकडे बघत होतो. हसू आलं नाही. पण ती माझ्यापासून बाजूलाही झाली नाही.

फोन लागला. भावजींनी बोट दाबून आवाज मोठा केला.

"विहीणबाई, रामराव बोलतो. ते छताचं... माझा जरा गैरसमज झाल्ता. सळई चांगली व्हती. अंगदनं चांगलीच आणल्ती."

"मंग पडलं कसं?" केशरबाईंचा आवाज.

"मीठ गेलं त्यात."

"मीठ कसं जाईल? कोणी घातलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वंदनाच्या चुलीकडे पाहिलं.

"मी घातलं," हे म्हणाले. "पिंपळ मारायला."

भावजींनी फोन कट झाला का म्हणून वाकून पाहिलं.

"रामराव," केशरबाई म्हणाल्या, "पोरगी यावी म्हणून तर असं सांगून न्हाई ना राह्यले? भावाचं झाकायला?"

"झाकायचं असतं तर माझ्यावर काहून घेतलं असतं?"

"ते बी खरंच. पिंपळाला मीठ! बरं, मंग त्या वरच्या खोलीत काय घातलंय तुम्ही? ते बी आत्ताच सांगून टाका."

अंगदभावजींना ठसका लागला. हसू होतं ते; कितीतरी दिवसांनी. फोन जवळ ओढून ते म्हणाले, "विहीणबाई, अंगद बोलतो. वरच्या खोलीला काही झालं न्हाई. भारतला सांगून छत वाजवून घेतो, तुम्ही म्हणाल तसं. मंग तर धाडाल?"

"तुम्ही सांगताय तर धाडते. पर न्यायला तुम्ही या. रामरावांना नका धाडू."

"काहून?" हे एकदम म्हणाले. "बाप हाय मी तिचा!"

"बाप हायेत, न्हाई कोण म्हणतंय? पर पोटुशी पोर हाय. वाटंत कुठं काय घालताल, काय नेम?"

फोन ठेवल्यावर वंदनाने तवा उतरवला. हे जिन्यापर्यंत गेले, आणि बराच वेळ पायात चप्पल घालत राहिले.

पुढच्या रविवारी भारत आला. त्याने आधी वरची खोली वाजवून दिली. मग मी पिंपळाची क्षमा मागितली, हळदकुंकू वाहिलं, आणि भारतने कठडा फोडून तो मुळासकट काढून टेंभुर्णीच्या बांधावर लावायला पाठवला. मग खाली टेकू उभे राहिले, छिन्न्या सुरू झाल्या. आमचा स्वयंपाक वंदनाच्या चुलीवर आला. भावजी अजून ह्यांच्याशी कामापुरतंच बोलतात. मोंढ्यात ते चहाला गेले होते, एवढं मला कळलं. तिथे काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही.

अर्पिताला आणायला निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. पूजा लवकर आटपून मीही भावजींसोबत निघाले होते. ह्यांनी स्वतः उशी आणली, मागच्या सीटवर ठेवली, परत उचलून झटकली, पुन्हा ठेवली. पाण्याची बाटली आणली. मग खिडकीशी वाकले.

"अंगद, अंबडच्या पुढं रस्ता खराब हाय. हळू चालव."

"चालवतो."

"मधेच थांबून तिला पाय मोकळे करू दे."

"करू देतो दादा. मी बराबर सांभाळून आणतो तिला." भावजींनी चावी फिरवली. "तू फक्त तोवर घरात कशाला हात लावू नको."